रद्दीचा लगदा पांढरा करायचाय? हातकागदाच्या कामात नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

हातकागदाचं काम नुकतंच सुरू केलेलं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लगदा राखाडीच निघतो हो, कोणतं केमिकल टाकू?" नागपूरजवळ हिंगण्याला शेड घेतलेला तरुण असो की अंगणात दोन ड्रम मांडून बसलेला बचत गट, प्रश्न हाच. आणि बहुतेकांनी तोवर दुकानदाराच्या सांगण्यावरून ब्लीचिंग पावडरची पिशवी आणूनही ठेवलेली असते.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. छपाईची काळी शाई म्हणजे मुख्यतः काजळी, आणि काजळीला पांढरं करणारं रसायन नाही. ब्लीचचा परिणाम होतो तो कागदाच्या तंतूंच्या पिवळेपणावर आणि काही रंगांवर. शाई लगद्यात तशीच ठेवून कितीही ब्लीच ओता, लगदा राखाडीच राहणार, वर तंतू कमजोर होणार. पांढरेपणाची खरी कमाई रद्दी निवडताना आणि लगदा धुताना होते. ब्लीच हा त्यावरचा शेवटचा हात. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं लावल्या आहेत.

किती पांढरं होईल, याचाही अंदाज असू द्या. कागदाची शुभ्रता मोजताना ४५७ नॅनोमीटरचा निळा प्रकाश कागदावरून किती परत येतो ते पाहतात. वर्तमानपत्राचा कोरा कागद साधारण ५५ ते ६० भरतो. झेरॉक्सचा कागद ९० च्या वर जातो, पण त्यात चमक आणणारं द्रव्य मिसळलेलं असतं. वर्तमानपत्राच्या लगद्याला चांगलं धुऊन पेरॉक्साइड (हे ब्लीच सहाव्या पायरीत येईल) दिलं तर काही अंशांनी उजळतो, मऊ दुधाळ रंग येतो. झेरॉक्ससारखा शुभ्र होत नाही. ग्राहकाला नमुना दाखवूनच ऑर्डर घ्या, तोंडी "एकदम व्हाइट" म्हणू नका.

१. रद्दी निवडा, आणि निवडण्यात वेळ घाला

कबाड्याकडून मिसळलेली रद्दी स्वस्त मिळते. ती घेऊ नका. निवडलेली रद्दी थोडी महाग पडते, पण पाणी, रसायन आणि मजुरीत तो पैसा परत येतो.

सगळ्यात चांगला माल म्हणजे छापखान्यातलं कोरं कात्रण. नागपुरात महाल, गणेशपेठ या भागांतल्या छापखान्यांमधून फिरा, कटिंग मशिनखाली पडणारे कागदाचे पट्टे मागा. त्यांवर शाई नसतेच, म्हणून शाई काढायचं कामही नाही. त्यानंतर शाळा-कॉलेजच्या जुन्या वह्या, कार्यालयांतले एका बाजूनं लिहिलेले कागद. नागपुरात कार्यालयं, हायकोर्ट, शिकवणी वर्ग भरपूर. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे निघतात. अशा ठिकाणी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

वर्तमानपत्र वेगळं ठेवा. त्याचा लगदा लाकूड यंत्रानं घासून केलेला असतो, त्यात लिग्निन (लाकडातले तंतू एकमेकांना धरून ठेवणारं द्रव्य) तसंच राहतं. हे लिग्निनच उन्हात पिवळं पडतं आणि अल्कलीतही (कॉस्टिक सोड्यासारख्या द्रव्यातही) पिवळं पडतं. वह्यांच्या कागदात ते बरंचसं काढून टाकलेलं असतं. दोन्ही लगदे एकत्र झाले की कोणत्याच एका पद्धतीनं नीट उजळत नाहीत.

हातातला कागद कोणत्या जातीचा आहे हे ओळखायची सोपी रीत: अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाकून मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर ठेवा. लिग्निनवाला कागद दोन-चार दिवसांत उघड्या बाजूला पिवळा पडतो. घाई असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत फ्लोरोग्लुसिनॉलचं आम्लयुक्त द्रावण मिळतं, त्याचा थेंब लिग्निनवर लालसर गुलाबी होतो. नोटा तपासायचा जांभळा दिवाही ठेवा. त्याखाली निळा चमकणारा कागद म्हणजे चमकद्रव्य घातलेला, बहुधा चांगल्या प्रतीचा.

जुन्या वर्तमानपत्राबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. शाईतलं तेल हवेनं आणि उष्णतेनं वाळून तंतूंना घट्ट धरतं. उन्हाळाभर टिनाच्या शेडखाली पडलेल्या गठ्ठ्यांतली शाई सुटता सुटत नाही. मोठ्या गिरण्यांनाही उन्हाळ्यात हा त्रास होतो. आपल्या नागपूरच्या उन्हात तो जास्तच होणार. वर्तमानपत्र ताजं घ्या, महिन्या-दीड महिन्यात वापरून टाका.

काय बाजूला काढायचं: सोनेरी वर्ख आणि वार्निश लावलेल्या लग्नपत्रिका, चकचकीत जाहिरातपत्रकं, चिकटपट्टी लावलेले लिफाफे, पुस्तकांचे डिंक लागलेले पाठीचे भाग, कार्बन कागद, पावत्यांचा थर्मल कागद, भडक फ्लुरोसंट रंगाचे कागद आणि तपकिरी पुठ्ठा. पुठ्ठ्याचा तपकिरी रंग घरगुती पातळीवर काढायच्या नादी लागू नका. तो विकून टाका किंवा त्याचा तपकिरी कागदच करा, त्यालाही मागणी आहे.

लेझर प्रिंटर आणि झेरॉक्सच्या शाईचं वेगळं असतं. ती मुळात प्लास्टिकची भुकटी, उष्णतेनं कागदावर वितळवलेली. लगदा करताना तिचे काळे कण पडतात आणि धुऊन निघत नाहीत. कागदावर बारीक ठिपके चालणार असतील तर ठीक. एकसारखा पांढरा हवा असेल तर छापील झेरॉक्सऐवजी पेननं लिहिलेले कागद घ्या.

२. पाण्याची तपासणी आधी करा

नवे लोक ही पायरी हमखास गाळतात. पेरॉक्साइडचे मोठे शत्रू म्हणजे लोह, मँगनीज आणि तांबं. हे पाण्यात अगदी थोडे असले तरी पेरॉक्साइड लगद्यावर काम करायच्या आधीच फुटून त्याचा ऑक्सिजन बुडबुड्यांतून उडून जातो. नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगाव या भागांत मँगनीजच्या खाणीच आहेत. तुमच्या बोअरचं पाणी कसं आहे हे अंदाजानं ठरवू नका, प्रयोगशाळेत लोह, मँगनीज आणि एकूण कठीणपणा या तीन गोष्टी तपासून घ्या. बादलीत रात्रभर ठेवलेल्या पाण्याला तांबूस किंवा काळपट साय आली, तर तपासणीआधीच सावध व्हा.

धुण्यासाठी बोअरचं पाणी वापरलं तरी ब्लीचच्या पायरीला नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. जुन्या लोखंडी टाकीतलं, गंजलेल्या पाइपातलं पाणी नको.

३. भिजवा आणि शाई सोडवा

रद्दीचे हाताएवढे तुकडे करून कोमट पाण्यात काही तास भिजवा. पिना, स्टेपल इथंच निघायला हव्यात. राहिल्या तर गंजतील, आणि लोह किती नडतं ते वर सांगितलंच आहे.

मग लगदा फिरवताना शाई सुटेल अशी सोय करायची. एक किलो कोरड्या रद्दीला हे प्रमाण धरून सुरुवात करा: ४५ ते ५० अंश सेल्सिअस तापमानाचं दहा-बारा लिटर पाणी, १० ग्रॅम कॉस्टिक सोडा, २० ते ३० ग्रॅम सोडियम सिलिकेट, आणि ५ ग्रॅमच्या आसपास साबण किंवा कमी फेसाचं डिटर्जंट. अल्कलीत तंतू फुगतात आणि शाईचा थर तडकतो; सिलिकेट आणि साबण सुटलेली शाई पुन्हा तंतूंवर बसू देत नाहीत. पीएच ९.५ ते १०.५ च्या दरम्यान असावा.

रद्दी वर्तमानपत्राची असेल तर याच वेळी थोडं पेरॉक्साइडही घाला, कोरड्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का. ते उजळण्यापेक्षा अल्कलीनं येणारा पिवळेपणा अडवण्यासाठी आहे. कोऱ्या कात्रणाला कॉस्टिकची गरजच नाही, नुसतं गरम पाणी पुरतं.

फार वेळ, फार बारीक फिरवू नका. शाईचे कण जितके बारीक होतील तितके तंतूंच्या आत शिरतील, आणि मग लगद्याला जी राखाडी छटा येते ती कशानंही जात नाही. हॉलंडर बीटर (फिरत्या रोलरनं लगदा कुटायचं यंत्र) असेल तर आधी रोलर उंच ठेवून फक्त सुटं करा. खरी कुटाई धुतल्यानंतर.

४. धुवा. मग पुन्हा धुवा

लगदा पातळ करा, एका किलोला निदान ५० लिटर पाणी, आणि जाळीवर ओता. स्क्रीन प्रिंटिंगवाले वापरतात ती नायलॉनची जाळी, ८० ते १०० मेशची, लाकडी चौकटीला ताणून बसवली की काम होतं. तंतू वर राहतात. शाई, माती, खडूची भुकटी खाली जाते. हातानं पिळून पुन्हा पातळ करा, पुन्हा गाळा. खालचं पाणी काळ्याचं फिकट राखाडी होईपर्यंत थांबायचं नाही.

पाण्याची उधळपट्टी टाळायला शेवटच्या धुण्याचं पाणी साठवून पुढच्या घाणीच्या (एका वेळी घेतलेल्या मालाच्या) पहिल्या धुण्याला वापरा. आमच्याकडे उन्हाळ्यात याशिवाय काम चालत नाही. ब्लीचनंतरच्या धुण्याचं पाणीही पहिल्या धुण्याला चालतं. फक्त ते रात्रभर साठवू नका. कारण सहाव्या पायरीत येईल.

मोठ्या गिरण्या धुण्याच्या जोडीला हवेचे बुडबुडे सोडून शाई फेसाबरोबर वर काढतात. छोट्या टाकीत माशांच्या टाकीचा पंप आणि बुडबुडे सोडणारा दगड लावून हे करून पाहता येतं: लगदा एक टक्का पातळ, साबण थोडा, वर येणारा काळा फेस झाऱ्यानं सतत काढत राहायचा. साध्या साबणाला इथं पाण्याचा कठीणपणा उपयोगी पडतो, कारण कॅल्शियमचा साबण शाईच्या कणांना गोळा करतो. जाळीवरच्या धुण्याला मात्र मऊ पाणी बरं. दोन्ही पद्धतींना एकच पाणी आणि एकच साबण सारखं जमत नाही, हे लक्षात घेऊनच प्रयोग करा.

या पायरीनंतर मूठभर लगदा कापडावर थापून, दाबून, सावलीत वाळवा. ओला लगदा नेहमी फसवतो, वाळलेल्या चकतीवरच निर्णय घ्या. चकती स्वच्छ पण पिवळसर दिसली तर ब्लीचचा उपयोग होईल. राखाडी दिसली तर ब्लीचची बाटली उघडू नका, परत धुण्याकडे जा.

५. कोरडं वजन काढा

सगळी प्रमाणं कोरड्या लगद्याच्या टक्केवारीत असतात. पिळलेला लगदा १०० ग्रॅम घ्या, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन बदलायचं थांबेपर्यंत वाळवा. २२ ग्रॅम उरले, तर तुमचा लगदा २२ टक्के कोरडा. म्हणजे एक किलो कोरड्या मालासाठी साधारण साडेचार किलो ओला लगदा घ्यायचा. ही नोंद वहीत ठेवा. चमच्यानं, मुठीनं मापून रसायन घालणाऱ्याला आज जमलेला रंग उद्या जमत नाही.

६. पेरॉक्साइड द्या

नव्या माणसानं शिकायचं मुख्य ब्लीच हेच. वापरून झालं की त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतं, क्लोरीनचा वास आणि विषारी अवशेष मागे राहत नाहीत.

आधी सामान:
– हायड्रोजन पेरॉक्साइड (कारखान्यांसाठी ५० टक्के मिळतं, शिकण्यापुरतं औषधाच्या दुकानातलं ६ टक्केवालं घ्या)
– कॉस्टिक सोडा, सोडियम सिलिकेट, ईडीटीए किंवा डीटीपीए (पाण्यातले धातू बांधून ठेवणारी रसायनं), एप्सम सॉल्ट, सोडियम मेटाबायसल्फाइट
– ग्रॅममध्ये मोजणारा काटा, थर्मामीटर, पीएच पट्ट्या, पेरॉक्साइड मोजायच्या पट्ट्या
– स्टेनलेस स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं भांडं (लोखंड, तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम नाही)
– डोळ्यांवर चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, एप्रन, आणि हाताशी भरलेली पाण्याची बादली

एक किलो कोरड्या लगद्याचा हिशेब असा. दोन टक्के पेरॉक्साइड म्हणजे शुद्ध २० ग्रॅम. ५० टक्क्यांचं असेल तर ४० ग्रॅम, ६ टक्क्यांचं असेल तर साधारण ३३० मिलिलिटर. कॉस्टिक १२ ते १५ ग्रॅम, सिलिकेट ३० ग्रॅम, ईडीटीए किंवा डीटीपीए ३ ग्रॅम, एप्सम सॉल्ट अर्धा ग्रॅम. सगळं मिळून वजन, लगद्यातलं पाणी धरून, दहा किलोच्या आत ठेवा. म्हणजे लगदा दहा टक्के घट्ट राहतो. पातळ लगद्यात पेरॉक्साइड पाण्यात विरून जातं आणि तंतूंपर्यंत पुरेसं पोचत नाही, म्हणून घट्टपणा फार महत्त्वाचा.

पाण्यात मँगनीज-लोह जास्त असेल, तर ईडीटीए वेगळं आधी द्या: थोडं पाणी, पीएच ६ च्या आसपास, ५० ते ६० अंश, अर्धा तास. मग लगदा पिळून ते पाणी काढून टाका. धातू पाण्याबरोबर बाहेर जातात. नुसतं मिसळून आत ठेवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

घालायचा क्रम: आधी एप्सम सॉल्ट, मग सिलिकेट, मग पाण्यात विरघळवलेला कॉस्टिक, आणि सगळ्यात शेवटी पेरॉक्साइड. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. उकळून अंगावर उडतं. पेरॉक्साइड घातल्यावर लगदा हातमोजे घालून पीठ मळतात तसा सगळीकडून कालवा, कुठं कोरडा गठ्ठा राहू देऊ नका.

सुरुवातीचा पीएच १०.५ ते ११. तापमान ६० ते ७० अंश. वेळ एक ते दीड तास. ऊब टिकवायला भांडं थर्माकोलच्या पेटीत ठेवा, पण झाकण घट्ट लावू नका. ऑक्सिजन सुटत असतो, बंद डबा फुटू शकतो.

हे सगळं अल्कलीतच का करायचं? पेरॉक्साइडमधून जो आयन तंतूंचा पिवळेपणा तोडतो, तो अल्कलीत तयार होतो. अल्कली कमी पडली तर ब्लीच निष्क्रिय राहतं. जास्त झाली तर पेरॉक्साइड भराभर फुटतं, आणि ते संपल्यावर उरलेली अल्कली लिग्निनला पिवळं करायला लागते. आधी उजळलेला लगदा शेवटी पिवळा होतो तो यामुळेच. म्हणून नियम असा: वेळ संपताना लगद्यात थोडं पेरॉक्साइड उरलेलं असलंच पाहिजे. दर वीस मिनिटांनी लगद्याचा थेंब पिळून पट्टीवर पाहा. रंग फिका पडत चालला की वेळ झाली नसली तरी काम थांबवा आणि लगदा धुवायला घ्या.

पेरॉक्साइड दहा मिनिटांतच संपत असेल, लगदा फसफसत असेल, तर कारणं दोनच असतात. एक, धातू. दुसरं, शिळा लगदा. ओल्या लगद्यात आणि साठवलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात, ते कॅटॅलेज नावाचं विकर सोडतात आणि ते पेरॉक्साइडला क्षणात फोडतं. नागपूरच्या उन्हाळ्यात एका रात्रीत लगदा आंबतो. धुतलेला लगदा त्याच दिवशी ब्लीचला घ्या. नाइलाज असेल तर आधी ७० अंशांच्या वर तापवा, थोडा वेळ तसाच ठेवा, मगच पेरॉक्साइड द्या. शंका असेल तर मूठभर लगद्यावर पेरॉक्साइडचे थेंब टाका. जोरात बुडबुडे आले तर अख्खी घाणी त्यात वाया घालवू नका.

काम झालं की थोडं मेटाबायसल्फाइट विरघळवून घाला, पीएच ६ ते ६.५ वर आणा आणि स्वच्छ पाण्यानं धुवा. यानं उरलेलं पेरॉक्साइड संपतं आणि रंग मागे फिरत नाही. हे मोकळ्या हवेत करा. त्याचा वास घशाला लागतो, दम्याच्या माणसाला तर त्रास होतोच.

साठवणीबद्दल कडक शब्दांत सांगते. ५० टक्के पेरॉक्साइड कातडीला लागलं की पांढरे चट्टे पडतात, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. लागलं की लगेच वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं, मग डॉक्टर. कॅनला हवा जाणारं मूळ झाकणच ठेवा, उरलेलं द्रावण परत कॅनमध्ये ओतू नका. शेजारी रद्दी, लाकडाचा भुसा, पोती, चिंध्या नकोत. त्यांवर सांडून वाळलं तर आग लागू शकते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, टिनाच्या शेडखाली कॅन ठेवणं म्हणजे धोका आणि नुकसान दोन्ही. सावलीत, पक्क्या भिंतींच्या खोलीत, गरजेपुरतंच आणा.

७. रंग उरला असेल तर हायड्रो

निळ्या-लाल शाईची, रंगीत कागदाची छटा पेरॉक्साइडनं पुरती जात नाही. तिथं सोडियम हायड्रोसल्फाइट लागतं. सूत रंगवणाऱ्यांकडे हे नेहमीचं, ते नुसतं "हायड्रो" म्हणतात.

पेरॉक्साइड ऑक्सिजन देऊन काम करतं, हायड्रो बरोबर उलट्या बाजूनं. त्यामुळे लगद्यात पेरॉक्साइड उरलेलं असेल तर दोघं एकमेकांनाच खातात. मेटाबायसल्फाइटची पायरी झाल्याशिवाय हायड्रो घालू नका. प्रमाण अर्धा ते एक टक्का, लगदा चार-पाच टक्के पातळ, पीएच ६ ते ७, तापमान ६० अंशांच्या आसपास, वेळ अर्धा-पाऊण तास. हवा लागली की हायड्रो वाया जातं, म्हणून हलकंच ढवळा आणि लगद्याच्या पृष्ठभागाला टेकेल असं प्लास्टिक वर अंथरा.

पावसाळ्यात विशेष जपा. हायड्रोच्या पावडरीला ओल लागली की ती आपोआप तापते आणि पेट घेते. डबा घट्ट बंद, जमिनीपासून उंच, कोरड्या चमच्यानंच काढायचं.

काही रंग याहीनं जात नाहीत. चमकदार गुलाबी आणि काही निळे तर फार चिवट. नव्या प्रकारचा रंगीत कागद आला की कपभर लगद्यावर आधी करून पाहा.

८. ब्लीचिंग पावडर का नको

स्वस्त आहे, सगळीकडे मिळते, आणि वह्यांच्या लगद्यावर पहिल्या दिवशी झकास दिसते. पण लिग्निन असलेल्या लगद्याला ती पिवळटच करते. पीएच ९ च्या खाली घसरला की सेल्युलोजच तोडायला लागते, कागद वाळल्यावर घडीवर तुटतो. लगद्यातल्या द्रव्यांशी मिळून क्लोरोफॉर्मसारखी क्लोरीनयुक्त संयुगं तयार होतात, ती पाण्यात जातात आणि सहज नाहीशी होत नाहीत. आणि कुणी चुकून तिच्यात तुरटीचं पाणी किंवा अ‍ॅसिड ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. बचत गटात घरची मुलं आजूबाजूला खेळत असतात, हे विसरू नका. शिवाय आपल्या उन्हात पिशवीतली पावडर आठवड्या-आठवड्याला कमजोर होते, म्हणजे मापही भरवशाचं राहत नाही.

९. नीळ, चमकद्रव्य, आणि त्याहून चांगला उपाय

चिमूटभर नीळ पिवळेपणा झाकते, पण कागद एकूण थोडा गडद होतो. चमकद्रव्य अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतं. वर्तमानपत्राच्या लगद्यात लिग्निन तो अतिनील प्रकाश आधीच पिऊन टाकतं, म्हणून तिथं त्यावर पैसे घालवू नका. खाद्यपदार्थ बांधायच्या कागदात तर घालूच नका.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा उपाय रसायनाचा नाहीच. पांढऱ्या होजिअरीचं सुती कात्रण कुटून रद्दीच्या लगद्यात मिसळा. हातकागदाचा मूळ माल तोच. कापसाच्या तंतूत लिग्निन जवळजवळ नसतं, तो आधीच पांढरा असतो आणि कागदाला बळकटी देतो. प्रमाण वाढवत जा आणि प्रत्येकाची चकती वाळवून शेजारी ठेवा. किती पेरॉक्साइड वाचतं ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

१०. सांडपाणी आणि कागदपत्रं

शाईचं काळं अल्कलीयुक्त पाणी नालीत सोडायचं नाही. आपली नाग नदी पुढे कन्हानला मिळते, ते पाणी वैनगंगेतून गोसेखुर्दला जातं, आणि नदीची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. तीन ड्रम एकापुढे एक मांडा: पहिल्यात तुरटी घालून गाळ बसू द्या, दुसऱ्यात पीएच ७ च्या जवळ आणा, तिसऱ्यातलं पाणी पुन्हा भिजवायला वापरा. बसलेला शाईचा गाळ खतात टाकू नका. जाड पुठ्ठ्याच्या आतल्या थरात तो खपतो.

विक्रीसाठी काम करणार असाल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागेल की नाही, हे जागा घेण्याआधी विचारा. मंडळाचं प्रादेशिक कार्यालय सिव्हिल लाइन्सला उद्योग भवनात आहे. अर्जात "ब्लीचिंग करतो" हे स्पष्ट लिहा, कोणतं रसायन ते लिहा. ते लपवून मिळवलेली संमती पुढे तपासणीत अंगाशी येते. सोबत ठेवायची कागदपत्रं:

– आधार, पॅन, उद्यम नोंदणी. लागू असेल तर जीएसटी
– जागेचा भाडेकरार किंवा मालकीचा पुरावा, वीजबिल
– पाण्याचा स्रोत आणि रोजचा अंदाजे वापर, जमलं तर तपासणी अहवाल
– कामाच्या पायऱ्यांचा साधा आराखडा, सांडपाण्याच्या ड्रमांसह
– प्रत्येक रसायनाचं पक्कं बिल आणि सुरक्षा माहितीपत्रक

कर्ज लागणार असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा खादी मंडळात करा. तांत्रिक अडचणीसाठी दोन ठिकाणं जवळ आहेत: नागपुरातच १९४२ साली सुरू झालेली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था (आता ती विद्यापीठ झाली आहे), आणि वर्ध्याला मगनवाडीतली महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था. याच मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली ग्रामोद्योग संघाचं हातकागदाचं काम चालायचं. जाताना वाळलेल्या चकत्या आणि वहीतली प्रमाणं घेऊन जा. नुसतं "पांढरं होत नाही" म्हणालात तर समोरच्यालाही काही सांगता येणार नाही.

सुरक्षा माहितीपत्रकांची मराठीतली एक प्रत काम करणाऱ्या बायकांना वाचून दाखवा आणि पाण्याच्या बादलीजवळच्या भिंतीवर लावा.